वार पुसल्यावर

जिन्याखालच्या फळ्यावर धडे लिहीत नाहीत. तिथे वर तारीख असते, खाली सुविचार, आणि उरलेल्या जागेत आजचा दिनविशेष, आजचा शब्द, सामान्य ज्ञानाचा एखादा प्रश्न. अशाच एका फळ्यावर १९ फेब्रुवारीला रंगीत खडूने चार ओळी लिहिल्या होत्या : छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म, शिवनेरी. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. शुक्रवार. १९ फेब्रुवारी १६३०. जयंतीच्या कार्यक्रमाला आलेली सातवीतली एक मुलगी फळ्यापाशी थांबली, घरून आणलेल्या मोबाइलवर काहीतरी मागे मागे सरकवत राहिली आणि म्हणाली, “बाई, वार चुकलाय. त्या दिवशी मंगळवार होता.” बाईंनी मोबाइल पाहिला. खरंच मंगळवार दिसत होता. लेझीम सुरू झालं होतं, पाहुणे फाटकापर्यंत आले होते. बाईंनी ओल्या फडक्याने ‘शुक्रवार’ पुसला आणि त्या आत गेल्या. मंगळवार मात्र लिहिला नाही. लिहायला हात धजावला नसावा. बाकीचा मजकूर तसाच राहिला आणि मधोमध एका शब्दाएवढी ओली, काळी जागा.

ती ओली जागा सुकायला दोन-तीन मिनिटं लागली असतील. पण खटकत राहण्यासारखी गोष्ट तिथेच आहे, कारण पुसलेला शब्द बरोबर होता आणि मुलीचा मोबाइलही खोटं बोलत नव्हता.

मराठी घरात दिवस अशा तुकड्यांनीच सुरू होतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघायची, पान उलटून मागचं काहीतरी वाचायचं. पेपर आला की कोपऱ्यातली चौकट आधी वाचणारी माणसं घरोघरी असतात. रेडिओवर बातम्यांच्या आधी कुणाची तरी जयंती सांगितली जाते तेव्हा गॅसवर चहा उकळत असतो, आणि ती माहिती आल्याच्या वासासकट डोक्यात बसते. आता हीच चौकट सकाळी सहाला मोबाइलवर येऊन पडते, फुलांच्या चित्रासकट. चार ओळींचा मजकूर, त्याला किती वेळ लागणार? प्रामाणिकपणे लिहायचा तर एका दिनविशेषाला अर्धा दिवस सहज जातो. लांब लेखात ‘बहुधा’, ‘असं दिसतं’, ‘दुसऱ्या मताप्रमाणे’ असे शब्द घालायला जागा असते. चार ओळींत ती नसते. मग जागा करण्यासाठी काहीतरी गाळलं जातं, आणि नेमकं तेच गाळलं जातं ज्याच्या आधाराने ती माहिती उभी असते.

वाराचंच पाहा.

१५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी युरोपातली कालगणना दुरुस्त केली. जुनी ज्युलियन गणना वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरत होती. ऋतूंचं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान असतं. ही अकरा मिनिटं शतकानुशतकं साचली आणि तारखा ऋतूंपासून १० दिवस सरकल्या. म्हणून ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर ही तारीख धरली. मधल्या दहा तारखा कॅलेंडरात कधी आल्याच नाहीत. पण ४ तारखेला गुरुवार होता आणि १५ तारखेला शुक्रवार. तारखा उडाल्या, वार उडाला नाही. इंग्रजांनी ही सुधारणा १७५२ पर्यंत मानली नाही. तोवर फरक ११ दिवसांचा झाला होता. त्यांच्याकडे बुधवार, २ सप्टेंबरनंतर गुरुवार, १४ सप्टेंबर आला. तिथेही वारांची माळ तुटली नाही.

पोर्तुगिजांनी नवी गणना लगेच स्वीकारली होती. त्यामुळे शिवकाळात एकाच दिवशी गोव्याहून निघालेल्या पत्रावर एक तारीख असे आणि सुरतेच्या इंग्रज वखारीतून निघालेल्या पत्रावर १० दिवस आधीची. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचणाऱ्याला वाटावं की गोव्याला बातमी नंतर कळली, आणि प्रत्यक्षात दोन्हीकडे शाई एकाच दुपारी वाळत असेल. त्यात भर म्हणजे इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस त्यांच्या वहीत १६२९ सालातच धरला गेला असता. म्हणून जाणकार अशा तारखांचं साल १६२९/३० असं जोडून लिहितात. ही तिरकी रेघ छापताना अनावश्यक वाटून काढली, की दिनविशेष एका वर्षाने चुकतो.

१९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या, ज्युलियन गणनेची आहे. त्या गणनेत तो शुक्रवार येतो. मोबाइलमधलं कॅलेंडर आजची ग्रेगोरियन गणना मागे ताणत नेतं आणि त्याच आकड्यांच्या दिवसाला मंगळवार दाखवतं, कारण तो दिवसच वेगळा आहे. शिवजन्माचा दिवस ग्रेगोरियन गणनेत १ मार्च १६३० असा येतो. शतकभरापूर्वी जन्मसाल १६२७ मानलं जात होतं. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची शकवार घटनांची नोंद, प्रसिद्ध केली, तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली, कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यातल्या तिथीशी ती जुळली, आणि पुढे २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख ठरवली. म्हणजे फळ्यावरच्या चार ओळींत मूळ कागदाशी थेट नातं सांगणाऱ्या गोष्टी दोनच होत्या, तिथी आणि वार. तारीख ही नंतर केलेली आकडेमोड आहे. पुसायची वेळ आली तेव्हा मात्र गेला तो वार.

तिथीवरून तारीख काढायचं काम अवघड नाही, पण त्यात पाय घसरायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा वर्षाची. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सूत्र शाळेत पाठ होतं आणि अर्धंच पाठ होतं. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, आणि १ जानेवारी उलटल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १५५१ च्या फाल्गुनात ७८ मिळवले तर १६२९ येतं आणि एक वर्ष हरवतं. ७९ मिळवले की १६३०. दुसरी जागा महिन्याची. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे एकच नाव चालतं, वद्य पक्षात उत्तरेकडचं नाव एक महिना पुढे असतं. आपली फाल्गुन वद्य तृतीया तिकडे चैत्र कृष्ण तृतीया होते. उत्तरेतल्या पंचांगावरून किंवा हिंदी मजकुरावरून दिनविशेष उतरवून घेतला, की तो महिनाभर सरकतो, आणि वाक्य इतकं सुबक दिसतं की कुणाला शंका येत नाही.

तिसरी जागा पेशवाईच्या कागदांत भेटते. तिथे वर्ष बरेचदा सुहूर सन या वेगळ्या कालगणनेत आणि तेही अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं असतं. ‘इहिदे समानीन मया व अलफ’ असं दिसलं की तुकडे पाडायचे : इहिदे एक, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११८१. मृग नक्षत्र लागताना हे वर्ष बदलतं, शेतकऱ्याच्या वर्षासारखं. म्हणून जून ते डिसेंबर या काळासाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११८१ म्हणजे १७८० च्या मृगापासून १७८१ च्या मृगापर्यंत. इथे ‘मया’ आणि ‘मयातैन’ यांत गल्लत झाली तर शंभराचे दोनशे होतात आणि माणूस एका शतकाने पुढे फेकला जातो. त्याच कागदावर ‘छ’ अक्षरापुढे मुसलमानी महिन्याची चांद्र तारीख असते. तो दिवस संध्याकाळी बदलतो, आपला सूर्योदयाला, इंग्रजी मध्यरात्री. एका दिवसाचा फरक पडायला एवढं पुरे होतं.

म्हणून या कामातली शेवटची पायरी कधी सोडायची नाही. तिथीवरून तारीख निघाली, जंत्रीत, म्हणजे तिथी-तारखांच्या कोष्टकात, सापडली, सगळं जुळलं, तरी त्या तारखेचा वार स्वतंत्रपणे काढायचा आणि कागदातल्या वाराशी ताडून पाहायचा. जुळला तर पेन खाली ठेवायचं. एका दिवसाचा फरक आला तर दिवस कुठून कुठे मोजला ते बघायचं. तीन-चार दिवसांचा आला तर बहुतेक वेळा जुनी-नवी गणना मिसळलेली असते, कारण दहातून सात वजा जाता तीन उरतात. फळ्यापाशी थांबलेल्या मुलीला मिळालेला फरकही एवढाच होता. मंगळवार ते शुक्रवार, तीन दिवस. चुकीलाही ठसा असतो आणि तो ओळखता येतो.

राज्याभिषेकाची नोंद या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आपण ६ जून १६७४ म्हणतो. जुन्या गणनेत त्या दिवशी शनिवार येतो. जेधे शकावलीत मात्र ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार आहे. मग एक चूक आणि एक बरोबर? नाही. नोंदीत पुढेच लिहिलं आहे की तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले. एक घटका २४ मिनिटांची, तीन घटका म्हणजे ७२ मिनिटं. सूर्योदयाला सव्वा तास होता. आपल्या हिशेबाने शुक्रवारची रात्र संपली नव्हती, इंग्रजी हिशेबाने मध्यरात्रीच शनिवार लागला होता. द्वादशी तर शुक्रवारी दिवसाच संपलेली, त्यामुळे प्रत्यक्ष क्षण त्रयोदशीचा. म्हणून राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून धरतात. दोन वार आणि दोन तिथी, चारही खऱ्या. गडावरची ती जून महिन्यातली ओलसर पहाट, मशाली अजून पेटलेल्या, पूर्वेला जेमतेम फटफटलेलं, हे सगळं त्या ‘तीन घटका रात्र’ या तीन शब्दांत आहे. फळ्यावर सहसा ते येत नाहीत.

पानिपतची चौकट दर जानेवारीत येते. १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. वार जुळतो, ७९ चा हिशेबही जुळतो. पण त्याच्या खाली हमखास एक वाक्य असतं : ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठी राज्यावर संक्रांत आली. वाक्याला लय आहे, म्हणून ते टिकलं आहे. पण त्या वर्षी संक्रांत १४ तारखेला नव्हती. मकर संक्रांत आपण ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतो, आणि ताऱ्यांचं वर्ष इंग्रजी कॅलेंडरच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं आहे. २० मिनिटं ७२ वर्षं साचली की एक दिवस होतो. त्यामुळे संक्रांत हळूहळू पुढे सरकत असते. आता ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली मकर संक्रांतीच्या दिवशी झाला, आणि ती तारीख १२ जानेवारी होती. त्याही मागे शंभर वर्षं गेलं की संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास सापडते. पानिपतावर उपाशी सैन्य लढायला बाहेर पडलं तेव्हा तिळगुळाचा दिवस होऊन गेला होता. आजचा सण आजच्या तारखेसकट मागे नेऊन चिकटवला, की असं होतं. त्या दिवसाच्या दुःखात यामुळे काही कमी होत नाही. लाखभर बांगडी फुटली म्हणतात, तिला संक्रांतीच्या योगायोगाची गरज कधीच नव्हती.

‘आजचा शब्द’ लिहिणं त्याहून नाजूक काम. तारखेला निदान वार साक्षीला असतो. शब्दाला कोण? इथे तीन प्रश्न विचारावे लागतात. शब्द लिखाणात पहिल्यांदा कधी दिसतो? ध्वनी बदलले असतील तर तसे ते इतर शब्दांतही बदलले आहेत का? आणि शब्द ज्या वस्तूचा, ती वस्तू तेव्हा इथे होती का? तिसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा. बटाटा, अननस, पेरू, काजू, तंबाखू या गोष्टी अमेरिका खंडातल्या. पोर्तुगीज जहाजं येण्याआधीच्या ग्रंथात कुणी ‘बटाटा’ काढून दाखवला तर वाचण्यात चूक आहे. या कसोटीवर उपासाचं ताट पाहिलं तर थक्क व्हायला होतं. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, सगळी मंडळी समुद्रापलीकडची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिथलाच. जे धान्य नेहमीचं ते वर्ज्य आणि जे उशिरा आलं त्याला मुभा, असं ते ताट.

पोर्तुगिजांकडून आलेले शब्द पाहिले की ती माणसं आपल्याशी कुठे कुठे भेटली ते दिसतं. चावी, घमेलं, पिंप, पाव, पगार, लिलाव, तुरुंग. बाजार, कोठार, बांधकाम, आणि शेवटी कैदखाना. यातला लिलाव मुळात अरबी. अरबांकडून तो पोर्तुगालला गेला, तिथून जहाजात बसून आपल्याकडे आला. तुरुंगाची गंमत वेगळी आहे. ‘त्रोंको’ म्हणजे झाडाचं खोड. कैद्याचे पाय अडकवायला लाकडाचा जो सांगाडा असे त्यालाही तेच नाव, आणि त्यावरून बंदिखान्यालाही. आपल्याकडे काय? खोड आणि खोडा. तीच कल्पना, तोच अर्थाचा प्रवास, दोन भाषांत स्वतंत्रपणे झालेला. परका म्हणून ज्या शब्दाकडे पाहायचं त्याचा जुळा भाऊ घरातच निघावा, हा आनंद फळ्यावरच्या ‘तुरुंग : पोर्तुगीज शब्द’ या तीन शब्दांत मावत नाही. आणि काही शब्दांना दोन दारं असतात. साबण अरबी-फारसीतून आला की पोर्तुगिजांच्या ‘सबाँव’मधून? मेज फारसीतलं की पोर्तुगीज ‘मेझा’? दोन्ही भाषा एकाच काळात इथे बोलल्या जात होत्या आणि ध्वनी दोन्हींशी जुळतात. अशा वेळी दोन्ही दारं लिहावीत. एकच लिहिलं तर ओळ नेटकी होते आणि शब्दाचं अर्धं आयुष्य जातं.

दिनविशेषातला सगळ्यांत जवळचा शब्द तर ‘तारीख’. अरबीत त्याचा अर्थ दिवसाची नोंद, आणि इतिहासही. त्याचंच अनेकवचन ‘तवारीख’ आपल्या जुन्या गद्यात इतिहास या अर्थाने आलं आहे. पुढे सावरकरांनी ‘दिनांक’ दिला. तो सरकारी कागदावर बसला, पण कोर्टाची मात्र तारीखच पडते. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, पदांची नावं बदलली, सुरनिसाचा सचिव झाला, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. तरीही चिटणीस, पोतनीस, फडणीस आडनावांत राहिले आणि आज मतदार यादीत सापडतात. ‘हा शब्द परका, तो वापरू नये’ असं फळ्यावर लिहिण्याआधी शेवटच्या बाकावरच्या पोतनिसाचा विचार करावा.

काही तुकडे मात्र असे निर्भेळ असतात की त्यांना हात लावायची गरज नाही. छत्तीसचा आकडा. देवनागरीत ३ आणि ६ शेजारी लिहिले की एकमेकांकडे पाठ करून बसतात : ३६. फळ्यावर मोठा काढावा आणि बाजूला व्हावं. पहिलीतल्या मुलालाही समजतं. ६३ काढला तर तेच दोघे तोंडाला तोंड लावून बसलेले दिसतात. मुलं आता कॅल्क्युलेटरवरचे इंग्रजी आकडे बघत मोठी होतात, तेव्हा हा वाक्प्रचार त्यांना पाठ करावा लागतो. देवनागरी आकडा दिसला की तो आपोआप उलगडतो.

‘ध चा मा’ हा तुकडा भाषेचाही आहे आणि इतिहासाचाही, म्हणून दुप्पट जोखमीचा. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार. शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. गारद्यांना दिलेल्या हुकमात ‘धरावे’ होतं, त्याचं ‘मारावे’ केलं, आणि ते आनंदीबाईंनी केलं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. रामशास्त्री प्रभुण्यांच्या चौकशीत रघुनाथरावांवर ठपका आला, हे ठीक. पण ज्यावर अक्षर बदललं तो कागद आज कुणी पुढे ठेवू शकत नाही. मग फळ्यावर ‘आनंदीबाईंनी ध चा मा केला’ असं लिहायचं की ‘केला असं सांगतात’? दोन शब्दांचाच फरक आहे. पण त्या दोन शब्दांच्या अभावी एक बाई अडीचशे वर्षं पुराव्यावाचून दोषी उभी आहे. ज्या वाक्प्रचाराचा अर्थच एक अक्षर बदलल्याने जीव गेला असा आहे, तो लिहिताना तरी क्रियापद जपून निवडावं.

सामान्य ज्ञानाच्या प्रश्नांत घात करणारा शब्द एकच, ‘पहिला’. भारतातली पहिली रेल्वे? १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. उत्तर बरोबर आहे, पण प्रश्नात ‘प्रवासी’ हा शब्द हवा. मद्रासजवळ रेड हिल्सहून दगड वाहून आणणारी रेल्वे १८३७ मध्येच धावली होती. पहिला भारतीय चित्रपट? फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३. इथे ‘पूर्ण लांबीचा’ हे दोन शब्द नसतील तर दादासाहेब तोरण्यांचा १८ मे १९१२ चा ‘पुंडलिक’ वाद घालायला उभा राहतो. विशेषण काढलं की विधान कोसळतं. आणि काही उत्तरं मुळात आकड्यात बसत नाहीत. महाराष्ट्राची किनारपट्टी ७२० किलोमीटर, हे पाठ असतं. देशाची ७५१६. मग २०२४ च्या अखेरीस केंद्र सरकारने देशाचा आकडा ११,०९८ केला. जमीन वाढली नाही, मोजपट्टी बारीक झाली. जाड नकाशावर खाडीचं तोंड एका सरळ रेघेत ओलांडलं जातं. बारीक नकाशावर आत शिरून, वळसा घालून बाहेर यावं लागतं, बेटांच्या कडा धराव्या लागतात. दाभोळच्या खाडीत होडीतून गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. किनारा किती लांब, याच्या आधी किती बारकाईने मोजला, हे विचारायला हवं, आणि हा प्रश्न मुलांना उत्तरापेक्षा जास्त आवडतो.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालचा तो फळा अजून कुणी पुसलेला नव्हता. कोरड्या खडूच्या मजकुरात मधली जागा आता करडी दिसत होती, कडेला ‘श’चा थोडा भाग राहून गेलेला. बाईंनी रात्री जंत्री काढून पाहिली होती. वार परत लिहायचा तर सोबत ‘जुनी गणना’ हे दोन शब्द हवेत, आणि त्यांच्यासाठी जागा नव्हती. त्यांनी वरचा सुविचार पुसला. मग ‘शुक्रवार’ होता तिथेच परत लिहिला, शेजारी ‘जुनी गणना’, आणि तारखेखाली जरा बारीक अक्षरांत ‘नव्या गणनेने १० दिवस पुढे’. मुलगी मागे उभी होती. तिने दप्तर खाली ठेवलं आणि एकेक बोट मिटायला सुरुवात केली. वीस, एकवीस, बावीस. अठ्ठावीसला नऊ बोटं मिटली. १ मार्चला दहावं. दोन्ही मुठी मिटलेल्या, तशीच ती थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग एक मूठ उघडून तिने मोबाइल काढला, १६३० चा मार्च उघडला आणि पहिल्या तारखेवर बोट ठेवलं.

“बाई,” ती म्हणाली, “शुक्रवार.”